भाऊबंदांचा मेळा : का भरवावा आणि कसा भरवावा

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हणजे काय, हे ज्या गावाने देऊळ बांधून काढले त्या गावाला निराळे सांगण्याची गरज नाही. कुजलेले वासे काढायचे, खचलेला पाया भरायचा, गळके छप्पर उतरवायचे. आणि हे सर्व करताना देव मात्र हलू द्यायचा नाही, फुटू द्यायचा नाही. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, ते जपायचे आणि बाकीचे बदलायचे. हाच न्याय घराण्यालाही लागू आहे. घरे बदलली, धंदे बदलले, गाव सोडून माणसे लांब गेली. परंतु एका आजोबांची नातवंडे एकमेकांना ओळखतात की नाही, हा प्रश्न जुना झालेला नाही. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. सगळे भाऊबंद, लेकी-सुनांसह, वर्षातून एकदा एकत्र यावेत, त्यांना तो दिवस आनंदाचा जावा आणि आठवणीत राहावा, यासाठी काय करावे लागते?

प्रथम एक साधा हिशेब करून पाहावा. सख्खे-चुलत मिळून सगळे घराणे वर्षभरात कितीदा एका जागी जमते? कोणाचे लग्न असले तर हळदीला आणि लग्नाला. कोणी गेले तर दहाव्याला आणि उत्तरकार्याला. गणपतीत जो तो आपल्या मखरापाशी, जत्रेत जो तो आपल्या पाहुण्यांत. लग्नात यजमानाला बोलायला फुरसत नसते आणि दुःखाच्या घरी कोणी कोणाला विचारायचे नसते. मग उरते एकच जागा, ती म्हणजे तालुक्याचे दुय्यम निबंधक कार्यालय. तेथे मात्र सगळे भाऊ, सगळ्या बहिणी, मयत भावाच्या मुलांसह, वेळेवर हजर असतात. कारण एक सही कमी पडली तर दस्त होत नाही. ज्या घराण्याची पूर्ण हजेरी फक्त तेथेच लागते, त्या घराण्याचे वासे तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे समजावे.

मोहोपाड्यात हे का घडले, याला कारण आहे. साठ वर्षांपूर्वी हा सारा पट्टा पाताळगंगेच्या काठचा भातशेतीचा. खोपोलीला टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले तेव्हापासून घाटावरच्या धरणांचे पाणी वीज करून पाताळगंगेत उतरते. म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहिली, आणि पाणी बघून कारखाने आले. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. रसायनांवरूनच परिसराचे नाव रसायनी पडले. पुढे पाताळगंगेची औद्योगिक वसाहत आली. शेते गेली, काहींना नोकऱ्या लागल्या, काहींना लागल्या नाहीत. मोहोपाडा बाजारपेठ झाले. बाहेरगावची, परप्रांतांची माणसे कॉलनीत राहायला आली आणि शेजारी झाली. १९८१ च्या आरंभी कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. २०१७ साली केंद्र सरकारने त्या मोठ्या कारखान्याचे येथील काम बंद करण्याचा निर्णय घेतला आणि ज्या घरांत बापाने नोकरी केली त्या घरांतली मुले पनवेल, पुणे, बडोदे आणि आखातापर्यंत गेली. शेतीच्या काळात एका खळ्यावर झोडणीला सगळे भाऊ लागत, म्हणून निराळा मेळा भरवावा लागत नव्हता. खळे गेले, तेव्हा भेटण्याची जागाही गेली. यात कोणा एकाचा दोष नाही. परंतु परिणाम मात्र सर्वांना भोगावा लागतो.

तो परिणाम कसा असतो? समजा, एका घरात चार भाऊ आणि तीन बहिणी. असे घर खालापूर तालुक्यात शोधत फिरावे लागणार नाही. थोरला गावातच, दुसरा पनवेलला, तिसरा पुण्याला, चौथा वारला आणि त्याची मुले मामाच्या गावी वाढली. बहिणी कर्जत, पेण आणि मुरबाडकडे दिलेल्या. बारा वर्षांत धाकट्या बहिणीला माहेराहून भाऊबीजेचे बोलावणेही नीट गेले नाही. आणि एके दिवशी जमिनीला गिऱ्हाईक आले. त्याच आठवड्यात तिच्या दारात गाडी उभी राहिली. भाऊ, भावजय, मिठाईचा पुडा आणि आधारकार्डाची प्रत मागणारा एक मध्यस्थ. तिने सही दिली. नेहमी देतातच. परंतु गाडी गेल्यावर ती उंबऱ्यात बसून काय म्हणाली असेल, ते या सभेत बसलेल्या प्रत्येक लेकीला ठाऊक आहे. तिला जमिनीपेक्षा त्या बारा वर्षांचे दुःख अधिक असते. काम निघाल्यावर आलेला भाऊ हा भाऊ वाटत नाही, गिऱ्हाईकच वाटतो.

म्हणून या विषयाचे सगळे सार एका वाक्यात सांगता येईल. घराण्याचा मेळा काहीही काम नसताना बोलवावा. ना लग्न, ना दुःख, ना नवस, ना सही. निमित्त नाही हेच त्या दिवसाचे निमित्त. बाकी जे काही पुढे सांगायचे आहे ती या एका गोष्टीची तयारी आहे.

एकत्र येण्याची ही कल्पना काही नवी नव्हे. आपल्याकडे कुलदैवताची जागा ही मुळात भाऊबंदांच्या भेटीची जागा होती. चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याच्या एकवीरेच्या पालखीला रायगड-ठाण्यातली आगरी आणि कोळी घरे लोटतात, तेव्हा देवीबरोबर एकमेकांचेही दर्शन होते. गोव्यात मंगेशाचे देवस्थान १५६० साली कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला हलवावे लागले. कुळे पांगून कारवार, मंगळूर, मुंबईपर्यंत गेली, तरी देवस्थानाशी बांधलेली महाजनांची घरे आजही उत्सवाला तेथे भेटतात. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी गिरणीतली माणसे दरमहा वर्गणी काढीत आणि त्यातून गावाच्या देवळाची कामे होत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबर ते जीवन विस्कटले. परंतु त्या मंडळांच्या वह्या ज्यांनी जपल्या, त्यांची गावे अजून जोडलेली आहेत.

आपल्याच जिल्ह्याचे आणखी एक उदाहरण घ्यावे. बेने इस्राएल समाजाची माणसे शतकानुशतके अलिबाग, पेण, रोहे, चौल या बाजूला राहिली, मराठी बोलली, आणि आडनावे घेतली ती गावांची : पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर. १९४८ नंतर यांतली बहुसंख्य घरे इस्राएलला गेली. तरीही आडनावात गाव आहे, म्हणून नातवंडांना विचारावेसे वाटते की हे पेण कोठे आहे. आणि त्यांपैकी काही अलिबागजवळच्या नवगावला व खंडाळ्याला येऊन जातात. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले आणि त्याचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते. या सर्वांत सारख्या गोष्टी तीनच आहेत. जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि कोणीतरी नावांची यादी सांभाळणारा. श्रीमंती ही त्यांत चौथी गोष्ट नाही.

आता प्रत्यक्ष कसे करावे, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे बोलावणार कोण. घरातला सर्वांत पैसेवाला किंवा सर्वांत मोठ्या हुद्द्याचा माणूस एकटा पुढे झाला, तर तो त्याचा कार्यक्रम होतो आणि बाकीचे पाहुणे होतात. प्रत्येक शाखेतून एक याप्रमाणे पाच-सहा जणांची लहान समिती करावी. तीत एक सासरी गेलेली लेक आणि एक सून असलीच पाहिजे. लेकीला माहेरची जुनी नाती ठाऊक असतात. सुनेला घरात कोण कोणाशी बोलत नाही हे नेमके ठाऊक असते. दोन्ही प्रकारच्या ज्ञानाची गरज पडते.

दुसरी गोष्ट तारखेची. गणपती, शिमगा, जत्रा आणि लग्नसराई सोडून द्यावी. खालापूर-कर्जत भागाला सोईचा काळ म्हणजे पौष-माघ. भात घरात आलेले असते, हवा थंड असते आणि वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. २६ जानेवारीची सुट्टी सर्वांना एकच असते आणि ती दरवर्षी त्याच तारखेला येते, म्हणून ती लक्षात ठेवावी लागत नाही. पाळीच्या कामाला जाणाऱ्यांना मात्र आधी कळवले तरच रजा जुळते. यासाठी दसऱ्यापूर्वी तारीख ठरवावी आणि ठरल्यावर कोणासाठीही बदलू नये. एकदा एकासाठी बदलली की मग चौघांसाठी बदलावी लागते आणि शेवटी मेळा राहून जातो.

तिसरी गोष्ट जागेची. पुष्कळांना वाटते की कर्जतकडे एखादे मोठे फार्महाऊस घ्यावे. तेथे पोहण्याचा हौद असतो, जेवण तयार मिळते. हौस असेल तर तसेही करावे. परंतु पहिला मेळा मूळ घराच्या अंगणात, खळ्यावर, नाहीतर देवळाच्या सभामंडपात व्हावा. मुलांना दाखवण्यासारखे काहीतरी तेथेच असते. हे आंब्याचे झाड कोणी लावले, ही विहीर कोणी खोदली, जुने घर कोठपर्यंत होते, हे पायी फिरून सांगता येते. जुने घर मोडून इमारत झाली असेल, तर ती इमारतही दाखवावी. खाली काय होते ते सांगणारे माणूस अजून आहे तोवर.

चौथी गोष्ट आमंत्रणाची, आणि ही सर्वांत नाजूक आहे. मोबाईलवरच्या गटात निरोप टाकला म्हणजे आमंत्रण झाले, असे तरुणांना वाटते. वडीलधाऱ्यांना तसे वाटत नाही. प्रत्येक शाखेच्या सर्वांत वडील माणसाकडे, मग ती विधवा काकी असो की अंथरुणाला खिळलेले आजोबा असोत, दोघांनी समक्ष जावे, नारळ ठेवावा आणि यायला सांगावे. बहिणीकडे जाताना भावाने स्वतः जावे, मुलाला पाठवू नये; आणि बोलावणे तिच्या घरच्या सर्वांना, जावयासह, करावे. ज्यांच्याशी बोलणे बंद आहे त्यांच्याकडे तर अगोदर जावे. भांड्याला भांडे लागतेच. परंतु लागलेली भांडी एका फडताळात राहतात. ज्याने जातीबाहेर लग्न केले म्हणून घरचे दार बंद झाले, त्याच्याकडेही जावे. आला नाही तरी बोलावणे गेले होते, हे त्याच्या मुलांच्या लक्षात राहते. आणि आमंत्रण देताना मूळची एक गोष्ट स्पष्ट सांगावी, की या दिवशी कोणतेही कागद निघणार नाहीत.

पाचवी गोष्ट पैशाची. देवळाच्या कामात देणगीदाराचे नाव पाटीवर लागते आणि ते योग्यच आहे. ते पाहून दुसऱ्याला देण्याची बुद्धी होते. घराण्याच्या मेळ्यात मात्र कोणी किती दिले हे वाचून दाखवू नये. चुलीमागे सारखी वर्गणी हा जुना रिवाज आहे. परंतु त्यात दोन नोकऱ्यांच्या चुलीला जे ओझे, तेच एकट्या विधवेच्या चुलीला पडते. त्यापेक्षा कमावत्या माणसामागे वर्गणी ठेवावी. समजा, चोवीस चुली आणि ११० माणसे आहेत, आणि माणशी २५० रुपये खर्च धरला. एकूण २७,५०० रुपये झाले. कमावती माणसे चाळीस असतील तर प्रत्येकी सुमारे ६९० रुपये येतात. कमावते कोणी नसलेल्या घराला काहीच द्यावे लागत नाही आणि कोणाला ते कळतही नाही. त्या घराने पाच किलो कांदे किंवा सरपणाचा भारा आणला, तर तो मानाने घ्यावा. जमाखर्च एका माणसाने लिहावा, दुसऱ्याने तपासावा, आणि आठवड्याच्या आत सर्वांना कळवावा. चार रुपयांच्या संशयाने चाळीस वर्षांची नाती तुटलेली आहेत.

सहावी गोष्ट वंशावळीची. मेळ्यात मुलांना आणि म्हाताऱ्यांना सारखीच गुंतवून ठेवणारी ही एकच गोष्ट आहे. विसाव्या शतकात कोकणातल्या अनेक घराण्यांनी मोठाले कुलवृत्तांत छापले. इतके करण्याची गरज नाही. एक पांढरे कापड, दोन मीटर रुंद, भिंतीवर ताणून लावावे आणि त्यावर ठळक अक्षरात झाड काढावे. माहिती चार ठिकाणी मिळते. पहिली, घरातल्या वृद्ध बायकांच्या तोंडी. दुसरी, तलाठ्याकडच्या जुन्या फेरफार नोंदी आणि गाव नमुना ६-क, म्हणजे वारसांची नोंदवही. तिसरी, शाळेचे जुने जनरल रजिस्टर. चौथी, त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर अशा क्षेत्रांच्या ठिकाणी उपाध्यांच्या वह्या. घराण्यातले कोणी पूर्वी यात्रेला गेले असेल, तर त्याची व त्याच्या भावांची नावे तेथे सापडण्याचा संभव असतो. एकेका मुलाने एकेका वृद्धाजवळ बसून त्याच्या आजोबांचे, आजीचे नाव आणि आजीचे माहेर लिहून आणावे. आजोबांचे नाव सर्वांना येते. आजीचे माहेरचे नाव सांगताना मात्र भले भले अडखळतात.

याच ठिकाणी एक जुनी चूक दुरुस्त करण्याची संधी आहे. जुने सातबारे उघडून पाहावेत. वडील वारल्यावर मुलांची नावे कब्जेदार म्हणून लागली आणि बहिणींची नावे कित्येक उताऱ्यांवर बाजूच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली. काही ठिकाणी तीही गेली नाहीत. सरकारी कागदावरची ही रीत हळूहळू घरातल्या मनांवरही उमटली आणि लेक म्हणजे इतर असे समजले जाऊ लागले. कापडावरच्या झाडात तसा रकाना ठेवू नये. लेकीची फांदी मुलाच्या फांदीइतकीच जाड काढावी, तिच्या मुलांची व नातवंडांची नावे तिच्यापुढे लिहावीत. लहानपणी गेलेली मुले, परागंदा झालेला भाऊ, दोन्ही बायका, कोणालाही गाळू नये. ज्या दिवशी कर्जतच्या आत्याची नातवंडे त्या कापडावर आपले नाव शोधून बोट ठेवतील, त्या दिवशी मेळ्याचा खर्च फिटला असे समजावे.

हक्काचा विषय निघालाच आहे, तर कायदा काय आहे तेही थोडक्यात सांगणे बरे. कारण अर्धवट माहितीने भांडणे वाढतात. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला. वडील त्या तारखेपूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी त्यामुळे मोडत नाही. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तिने समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. हे सर्व ज्याने त्याने वकिलाला विचारून करावे आणि त्यासाठी निराळा दिवस ठेवावा. मेळ्याच्या दिवशी वाटणी, सही आणि निवडणूक हे तीन विषय अंगणाबाहेर ठेवावेत. याचा अर्थ ते दडपावेत असा नाही. बहीण एरवी बोलावली जात असेल, तिची मुले मामाच्या अंगणात खेळलेली असतील, तर निराळ्या दिवशीचे ते बोलणेही माणसासारखे होते. आणि भाऊ तिचा वाटा देऊन टाकतो म्हणाला, तर त्या घराण्याचे नाव तालुक्यात निघेल.

आता जेवणाचे. या भागात थंडीच्या दिवसांत पोपटीसारखा दुसरा बेत नाही. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगायचे, तर मोठ्या मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यावर जाडे मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी असे थर लावतात. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडके जमिनीवर उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवतात. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. सगळे आपल्याच वाफेवर शिजते. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारला आणि ते चर्र होऊन लगेच वाळले, की पोपटी झाली. माळकरी मंडळींसाठी निराळे मडके लावावे, त्यावर चुन्याची खूण करावी आणि ते सर्वांआधी उघडावे.

पोपटीचा मोठा गुण चवीपेक्षा निराळा आहे. तिला सगळ्यांचे हात लागतात. पाला आणायला तरुण, शेंगा निवडायला बायका-मुले, मडके भरायला एक जाणती बाई, विस्तवाशी एक जाणता माणूस, आणि झाली की नाही यावर वाद घालायला सगळे म्हातारे. केटररचे ताट हातात आले की माणूस खुर्ची शोधतो; मडक्याभोवती मात्र माणसे गोल उभी राहतात. बारा वर्षांत न बोललेले दोन भाऊ एका विस्तवाशी तासभर उभे राहिले, तर निदान लाकूड पुढे सार एवढे तरी बोलतातच. दुपारच्या पंगतीला साधे जेवण ठेवावे : भात, तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, एक गोड. शंभर माणसांना भाकरीबरोबर दहा-बारा किलो तांदूळ पुरतो. भाकऱ्या एकट्या घरच्या सुनांवर टाकू नयेत. वर्षभर राबणाऱ्या सुनेला त्या दिवशीही चुलीपुढेच बसावे लागले, तर तो मेळा तिचा नव्हे. भाकऱ्या मजुरीने करून घ्याव्यात आणि वाढायला पुरुषांनी उभे राहावे.

दिवसाचा क्रम सैल असावा. सकाळी दहापर्यंत येणे, चहा-पोहे, देवदर्शन. मग झाडाच्या कापडापुढे प्रत्येक शाखेने उभे राहून आपापली ओळख करून द्यावी. एका शाखेला पाच मिनिटे पुरेत. दुपारी जेवण आणि विश्रांती. चारनंतर खेळ : लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, आणि बायकांसाठी सागरगोटे. आट्यापाट्यांत आजोबांनी नियम सांगावेत आणि नातवांनी धावावे. संध्याकाळी पोपटी. वृद्धांसाठी सावलीत पाठीच्या खुर्च्या, जवळ शौचालय, औषधाच्या वेळा विचारून ठेवणे आणि दमल्यास पडायला एक खोली, एवढी सोय आधी व्हावी. त्यांना घरून आणायला आणि परत पोचवायला गाडी कोणाची, हे नावानिशी लिहून ठेवावे. म्हातारे माणूस येत नाही ते बहुधा रागाने नव्हे, कोणी न्यायला येत नाही म्हणून येत नाही.

तीन गोष्टींनी मेळे बिघडतात. पहिली दारू. विस्तव, रात्र आणि भाऊबंद एकत्र असताना बाटली निघाली, की दहा वर्षांपूर्वीचा बांध कोरलेला निघतो. दुसरी कर्णा. मोठ्या आवाजात गाणी लावली की शेजारी बसलेल्या आत्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि तेच ऐकायला तर सगळे आलेले असतात. तिसरी गोष्ट भाषणे. देवळाच्या सोहळ्यात एक भाषण खपून जाते. मेळ्यात तेही नको.

निघण्यापूर्वी सर्वांचा एक फोटो घ्यावा आणि मागाहून त्याखाली प्रत्येकाचे नाव लिहावे. नाव नसलेला फोटो तिसऱ्या पिढीला परक्याचा वाटतो. एका जाड वहीत प्रत्येकाचे नाव, गाव, दूरध्वनी, आणि आजारपणात उपयोगी पडावा म्हणून रक्तगट लिहावा. ती वही समितीच्या एका माणसाकडे राहावी. मोबाईलमधली यादी मोबाईलबरोबर हरवते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अंगण सोडण्याच्या आत पुढल्या वर्षीची तारीख आणि यजमान शाखा ठरवावी. शक्य तर ती पाळी लेकीच्या शाखेकडे द्यावी, म्हणजे पुढच्या वर्षी सगळे भाऊ तिच्या दारात जातील. गाडीतून उतरताना त्यांच्या हातात कागद नसेल. ती उंबऱ्यात उभी राहून विचारील, काय काम काढलेत? आणि थोरला भाऊ म्हणेल, काही नाही, सहज आलो.

गाव करील ते राव काय करील, अशी आपल्याकडे म्हण आहे. गावाने मनावर घेतले आणि देऊळ उभे राहिले. त्या देवळात आता प्रत्येक घराण्याने आपापल्या मेळ्याचा पहिला नारळ फोडावा, एवढीच विनंती करून हे भाषण येथे पुरे होते.